भांडण न होता तुटलेली मैत्री: कुमार कादंबरी समजून घेताना

सोमवारी सकाळी ती वर्गात येते. चार वर्षं दोघी ज्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या, त्यावर आज मैत्रिणीचं दप्तर नाही. मैत्रीण दोन रांगा पुढे, दुसऱ्याच एका मुलीशेजारी बसलेली आहे. ती मागे वळून हसते, हातसुद्धा हलवते. म्हणजे राग नाही. भांडण तर झालेलंच नाही. ही आपल्या बाकावर जाऊन बसते, शेजारच्या रिकाम्या जागेवर स्वतःचं दप्तर ठेवते आणि पहिला तास सुरू होतो.

संध्याकाळी घरी कोणीतरी विचारतं, "काय झालं गं? तोंड का उतरलंय?"

"काही नाही," ती म्हणते.

ती खोटं बोलत नाही. सांगता येईल असं खरंच काही घडलेलं नाही. कोणी हात उगारला नाही, कोणी टाकून बोललं नाही, कोणाची चूकही दाखवता येणार नाही. तरीही त्या वर्षातली तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना हीच. या 'काही नाही'मध्ये काय काय दडलेलं असतं, ते दोन-अडीचशे पानांत उलगडणारी कादंबरी असते. इंग्रजीत तिला 'यंग अ‍ॅडल्ट फिक्शन' म्हणतात, आपण कुमार किंवा किशोर कादंबरी म्हणतो. वाचायला ती सोपी असते, आणि त्यामुळे ती लिहायलाही सोपी असेल असा समज होतो. मला ती कादंबरीच्या अवघड प्रकारांपैकी एक वाटते. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी नावाचा गुंता सोडवू. प्रकाशक साधारणपणे १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी काढलेल्या पुस्तकांना हे नाव देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार किशोरवय १० ते १९ वर्षांचं असतं, म्हणजे दोन्हींचा पट्टा जवळपास एकच. मात्र या वयाकडे आयुष्याचा वेगळा टप्पा म्हणून पाहण्याची रीत तशी अलीकडची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरवयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि या वयाला वादळाची उपमा दिली. ग्रंथालयांमध्ये या वाचकांसाठी वेगळं कपाट व्हायला त्यानंतरही काही दशकं जावी लागली. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेत 'यंग अ‍ॅडल्ट' वाचकांसाठी स्वतंत्र विभाग झाला तो १९५७ मध्ये. त्याआधीची अवस्था सोपी होती: मुलांची पुस्तकं संपली की मोठ्यांची सुरू. मधल्या अडनिड्या वयाची जागा रिकामीच होती.

ती जागा भरणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच त्या वयाची होती. एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. १९६७ मध्ये पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांचं वय होतं अठरा. दोन टोळ्यांमध्ये विभागलेली मुलं, त्यांची दोस्ती, त्यांचं एकमेकांसाठी उभं राहणं, हा तिचा विषय. पुस्तक मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर लोक ते गांभीर्यानं घेणार नाहीत, म्हणून मुखपृष्ठावर नावाची नुसती आद्याक्षरं छापली गेली. कुमार कादंबरीचा इतिहास सांगताना या पुस्तकाचं नाव हटकून निघतं. मला त्याचं महत्त्व वेगळ्याच कारणासाठी वाटतं. त्याकडे थोड्या वेळानं येते.

नायक किंवा नायिका किशोरवयीन असली म्हणजे ती कुमार कादंबरी, ही सर्रास आढळणारी गल्लत आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीचा निवेदक नववीतला मुलगा आहे, पण ती सर्वसाधारण वाचकांची कादंबरी म्हणूनच आली आणि तशीच वाचली गेली. जगभर अशी कितीतरी पुस्तकं आहेत. म्हणजे पात्राचं वय हा काही खरा निकष नाही. मग निकष कोणता? माझ्या मते तो आहे अंतराचा. घटना घडल्यावर किती काळानं आणि किती लांबून ती सांगितली जाते, यावर बहुतेक सगळं ठरतं.

वरचाच बाकाचा प्रसंग घेऊ. तो एका पद्धतीनं असा लिहिता येईल:

"त्या वर्षी आमची मैत्री संपली. आज वाटतं, ते होणारच होतं. ती पुढे निघाली होती आणि मी अजून खेळण्यांच्या कपाटापाशीच उभी होते. पण तेव्हा एवढी समज कुठून असणार!"

आणि दुसऱ्या पद्धतीनं असा:

"तिला मागून फळा दिसत नसणार. गेल्या महिन्यात म्हणाली होती की डोळे दुखतात. मधल्या सुट्टीत विचारू म्हटलं, पण ती आधीच बाहेर गेली होती. ती परत येईपर्यंत मी डबा उघडला नाही. घंटा झाली. मला तशी भूक नव्हतीच."

पहिला परिच्छेद मोठ्या माणसाचा आहे. त्यात समजूत आहे, हळहळ आहे, निष्कर्षही आहे. निवेदिका आता सुखरूप पलीकडच्या काठावर पोहोचलेली आहे, हे वाचकाला पहिल्याच वाक्यात कळतं. दुसऱ्या परिच्छेदातली मुलगी अजून पाण्यातच आहे. मैत्री संपली हे तिला माहीत नाही, किंवा माहीत करून घ्यायचं नाही. म्हणून ती फळ्याचं कारण शोधून काढते. वाचकाला मात्र खरं कारण दिसतं. 'मला तशी भूक नव्हतीच' हे वाक्य वाचताना आपण तिच्यापेक्षा एक पाऊल पुढे असतो, आणि तरीही तिच्यासाठी काही करू शकत नाही.

दोन्ही परिच्छेद चांगले असू शकतात. पण कुमार कादंबरी म्हणतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची. म्हणून या पुस्तकांमध्ये प्रथमपुरुषी निवेदन इतकं आढळतं, आणि पुष्कळदा वर्तमानकाळही: मी जाते, मी पाहते, ती काही बोलत नाही. पुढे काय होणार हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नसतं. सगळं बरं होईल असा दिलासा देणारा प्रौढ आवाज पुस्तकातून काढून टाकलेला असतो. चौदाव्या वर्षी आयुष्य असंच दिसतं. तेव्हा 'नंतर' नावाची जागा कोणी पाहिलेली नसते.

'द आउटसायडर्स'चं महत्त्व मला इथे वाटतं. तिचा निवेदक चौदा वर्षांचा आहे. कादंबरीच्या शेवटी कळतं की आपण इतका वेळ जे वाचत होतो तो त्यानं इंग्रजीच्या शिक्षकांसाठी लिहायला घेतलेला निबंध आहे. पुस्तकाचं पहिलं वाक्य शेवटी पुन्हा येतं, कारण तिथे तो लिहायला सुरुवात करतो. म्हणजे घटना आणि सांगणं यांत फार काळ गेलेला नाही. जखम ओली असतानाच तो लिहितोय, आणि लिहिणं हाच त्याचा सावरण्याचा पहिला प्रयत्न आहे. आज अनेक लेखक जी जवळीक खटपटीनं साधतात, ती या मुलीला वयामुळेच हाताशी होती.

बाकीच्यांपुढे मात्र पेच असतो. ही पुस्तकं बहुतांशी मोठी माणसं लिहितात. चाळिशीतला लेखक पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून बोलतो, म्हणजे एका अर्थी तो सोंगच घेत असतो. अभ्यासक माइक कॅडन यांनी २००० मध्ये यावर एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. निवेदक पंधरा वर्षांचा असेल तर त्याची समजही पंधरा वर्षांचीच असणार. तो मित्राबद्दल, आईबद्दल, स्वतःबद्दल चुकीचे निष्कर्ष काढणार. वाचकही त्याच वयाचा. मग चूक ही चूक आहे हे त्याला कळायचं कसं? प्रौढ लेखकानं मध्येच येऊन दुरुस्ती केली तर आवाज खोटा पडतो, आणि नाही केली तर तो हात झटकतोय असं वाटतं.

चांगले लेखक यातून वाट काढतात ती अशी: निवेदकाच्या बोलण्याला छेद देणारं काहीतरी पुस्तकात ठेवून देतात. दुसऱ्या एखाद्या पात्राचं ओझरतं वाक्य. निवेदकाला दिसलेली पण त्यानं दुर्लक्ष केलेली एखादी गोष्ट. आपल्या उदाहरणात हे कसं होईल? समजा, पुढच्या बाकावर गेलेली मैत्रीण एकदा सहज म्हणते, "तू मला कधी विचारलंसच नाहीस की मला काय आवडतं." निवेदिका हे वाक्य सांगते आणि लगेच तिच्या नव्या केसांच्या कापणीवर घसरते. तिनं ते ऐकलंय, पण तिला ते पेललेलं नाही. वाचकाच्या मनात मात्र ते रुततं. तोपर्यंत आपण एकाच बाजूची कथा ऐकत होतो आणि हिच्या बाजूनं उभे होतो. आता पहिल्यांदा शंका येते की त्या चार वर्षांच्या मैत्रीत दुसरीला जागा किती होती?

वाचकाला स्वतःहून ही शंका येणं, हीच मला या पुस्तकांची खरी कमाई वाटते. ती शिकवता येत नाही. शिकवायला गेलं की त्याचा धडा होतो, आणि धडा चौदा वर्षांच्या वाचकाला दुरूनच ओळखू येतो.

पण हे सगळं मैत्रीभोवतीच का? घर आहे, अभ्यास आहे, पहिलं प्रेम आहे. तरी या पुस्तकांचा कणा वारंवार मैत्रीच का होते?

सगळ्यात सरळ उत्तर असं की मैत्री हे माणसानं स्वतः निवडलेलं पहिलं नातं असतं. आईबाप, भावंडं, शेजार, वर्ग हे सगळं आयतं मिळतं. मित्र मात्र आपण निवडतो आणि त्यानंही आपल्याला निवडावं लागतं. दोन्ही बाजूंनी 'हो' म्हटल्याशिवाय ते नातं उभं राहत नाही. म्हणून त्यातला नकार इतका झोंबतो. आई रागावली तरी आईच राहते. मित्र रागावला तर तो मित्र राहीलच याची हमी कोणीच देत नाही.

मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी याकडे फार बारकाईनं पाहिलं होतं. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये आलं. वयात येण्याच्या थोडं आधी मुलाला एक 'जिवलग' मिळतो, आणि तिथे पहिल्यांदा दुसऱ्याचं सुख स्वतःच्या सुखाइतकंच महत्त्वाचं वाटू लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी मूल विचारतं, मला हवं ते मिळवायला काय करू? आता विचारतं, माझ्या मित्राला बरं वाटावं म्हणून मी काय करू? शिवाय या जिवलगाच्या डोळ्यांतून मूल स्वतःला नव्यानं पाहतं. घरातल्यांनी दिलेलं चित्र चुकीचं असू शकतं, हेही त्याला तिथेच कळतं. घरी 'हट्टी' ठरलेली मुलगी मैत्रिणीला 'खमकी' वाटू शकते.

म्हणजे मित्र हा घराबाहेरचा पहिला आरसा. तो गेला तर नुसती सोबत जात नाही, आपण कोण आहोत याचा पुरावाही जातो. बाकावरच्या मुलीला रडू येतं ते एकटं वाटतं म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. चार वर्षं ती 'आम्ही दोघी' होती. आता 'मी' म्हणजे कोण, हे तिला ठाऊक नाही. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम म्हणून 'ओळख' सांगितली, ती अशा रिकाम्या बाकावर बसून घडते.

त्यात भर पडते आणखी एका गोष्टीची. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये, म्हणजे हिंटन यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, दोन कल्पना मांडल्या. पहिली 'काल्पनिक प्रेक्षक': या वयात सतत वाटत राहतं की सगळ्यांचं लक्ष आपल्यावरच आहे. दुसरी 'स्वतःची दंतकथा': आपल्यावर जे गुदरतंय ते याआधी कोणावरही गुदरलेलं नाही. मोठ्यांना हे दोन्ही अतिरेकी वाटतं. पण कादंबरीसाठी यासारखी सामग्री नाही. रिकाम्या बाकावर दप्तर ठेवताना तिला वाटतं, वर्गातले सगळे डोळे आपल्या त्या हातावर आहेत. बहुधा कोणीही पाहत नसतं. कुमार कादंबरी मात्र त्या काल्पनिक डोळ्यांना खरं मानून लिहिली जाते, कारण त्या क्षणी त्यांचं ओझं खरंच असतं. 'एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस' हे वाक्य या प्रकारच्या पुस्तकाला परवडत नाही.

आणि गोष्ट खरोखर एवढीशी नाही. किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ बागेत बसलेले असताना एक फिरती तबकडी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली. खेळणाऱ्या दोघांनी त्यांना खेळात घेतलं, आणि काही फेऱ्यांनंतर काहीच न बोलता त्यांच्याकडे फेकणं थांबवलं. अनोळखी माणसं, दोन मिनिटांचा खेळ, तरी विल्यम्सना ते विलक्षण लागलं. त्यावरून त्यांनी पुढे संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार केला, ज्यात ठरवून एकाला वगळलं जातं. त्या खेळाच्या आधारे नंतर अनेकांनी प्रयोग केले. किशोरवयीन मुलींवर असं वगळलं जाण्याचा परिणाम प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त होतो, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. भांडणात निदान समोरचा आपल्याशी बोलत तरी असतो. चेंडू नुसता यायचा थांबला तर विचारायचं कोणाला?

म्हणूनच या कादंबऱ्यांत तिसऱ्या मुलीला, तिसऱ्या मुलाला इतकं महत्त्व असतं. दोघांची मैत्री म्हणजे एक सरळ रेघ. तिसरा आला की लगेच त्रिकोण होतो, आणि त्रिकोणात कोणीतरी एक जण कायम किंचित लांब असतो. कच्चा लेखक या तिसरीला खलनायिका करतो: ती श्रीमंत, उद्धट, कपटी. मग गोष्ट सोपी होते आणि निकालातही निघते. जाणता लेखक तिला छान माणूस करतो. ती निवेदिकेशीही चांगली वागते, तिला बोलावते. आता राग काढायचा तरी कोणावर?

मोठ्यांना पटायला जड जाते अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. या वयातली बहुतेक मैत्री तुटते. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सातवीतल्या मुलांच्या मैत्रीच्या जोड्यांचा बारावीपर्यंत मागोवा घेतला. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवीतल्या मैत्रीपैकी बारावीपर्यंत टिकली ती सुमारे १ टक्का. तुटण्याचा अंदाज कशावरून बांधता आला? दोघांमधल्या फरकांवरून: एक लोकप्रिय आणि दुसरा नाही, एक अभ्यासात पुढे आणि दुसरा मागे, एक आक्रमक आणि दुसरा मवाळ.

हा आकडा निराश करण्यासाठी दिलेला नाही. उलट, तो वाचल्यावर मला हायसं वाटलं. मीही तेराव्या वर्षी एक मैत्रीण गमावली, आणि कितीतरी वर्षं मी माझ्या हातून काय चुकलं ते शोधत राहिले. आपल्याला शिकवलेलं असतं की खरी मैत्री जन्मभर टिकते. मग जी टिकली नाही ती खरी नव्हती, किंवा आपण खोटे होतो, असा अर्थ निघतो. कुमार कादंबरी या गणिताला हात घालते. दोघी खऱ्या होत्या, मैत्रीही खरी होती, आणि ती संपली, कारण दोघींचा मोठं होण्याचा वेग वेगळा होता. एकीला अचानक आरशापुढे वेळ लागू लागला, दुसरीला अजून पावसात खेळायचं होतं. एकीला शिंगं फुटली असं घरचे म्हणू लागले, दुसरी अजून घरच्यांच्याच भाषेत बोलत होती. सहा महिन्यांनी कदाचित उलटही झालं असतं. या वयात शरीर, विचार, आवडी ही सगळी एकाच दिवशी आणि सगळ्यांची मिळून मोठी होत नाहीत. या न जुळणाऱ्या घड्याळांतूनच कथानक घडतं.

मृत्यूनं मित्र नेला तर निदान दुःखाला नाव असतं. लोक येतात, जवळ बसतात. जिवंत मित्र दुरावला तर भेटायला कोणी येत नाही. तो रोज त्याच जिन्यावर दिसतो. या दुःखाला वाचकाच्या हातात देता येईल असा आकार कथा देते, हे तिचं काम मला फार मोठं वाटतं.

मुलग्यांच्या मैत्रीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिच्यावर साहित्यात अन्याय झालाय असं माझं मत आहे. मुलींच्या मैत्रीच्या कथांत बोलणं, रुसणं, गुपितं. मुलांच्या कथांत सायकली, साहसं, मारामाऱ्या, अशी वाटणी पडून गेली. जणू मुलग्यांना मित्राची आठवण येतच नाही. संशोधक निओबी वे यांनी अमेरिकेतल्या शहरी मुलग्यांच्या अनेक वर्षं मुलाखती घेतल्या आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तेरा-चौदा-पंधराव्या वर्षी हीच मुलं जिवलग मित्राबद्दल उघडपणे, मायेनं बोलत होती. मित्राशिवाय वेड लागेल, अशा भाषेत. सोळा-सतरा ओलांडता ओलांडता तो सूर गेला. 'आता कोणी तसं नाही', 'माहीत नाही', 'फरक पडत नाही' अशी उत्तरं येऊ लागली. जवळीक ही लहान मुलांची किंवा मुलींची गोष्ट असते, हे जगानं त्यांना एव्हाना शिकवलं होतं.

दोन मित्र एकाच रस्त्यानं रोज घरी जातात, आणि एके दिवशी त्यांच्यातला एक जण खांद्यावरचा हात हळूच काढून घेतो, कारण समोरून वर्गातलं टोळकं येतंय. या एका हालचालीवर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. अशा कादंबऱ्या मला अधिक हव्या आहेत.

टोळक्याचा विषय निघालाच आहे तर धोक्याचंही बोलू. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. त्यात वेळीच थांबायचं की आणखी थोडं पुढे दामटायचं, हा निर्णय घ्यायचा होता. काही जण एकटे खेळले, काही आपल्या वयाच्या सोबत्यांसमोर. प्रौढांच्या वागण्यात त्यानं फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलांनी मात्र सोबती पाहत असताना बराच जास्त धोका पत्करला. कुमार कादंबरीतले भिंतीवरून उडी मारण्याचे, रात्री चोरून बाहेर पडण्याचे, कोणाला तरी छळण्यात सामील होण्याचे प्रसंग या प्रकाशात वाचावेत. मुलगा मूर्ख नसतो. एकटा असता तर त्यानं ते केलं नसतं, आणि हे त्यालाही माहीत असतं. अशा पुस्तकांत घटनेनंतरची रात्र महत्त्वाची, जेव्हा प्रेक्षक घरी गेलेले असतात आणि तो छताकडे पाहत पडलेला असतो.

यावरून पालकांचा नेहमीचा प्रश्न येतो: मुलांनी इतकं जड वाचावं का? छळ, एकटेपण, व्यसन, मृत्यू हे सगळं पुस्तकातून डोक्यात भरलं तर? चिंता खोटी नाही. काही पुस्तकं दुःखाचा नुसता मसाला म्हणून वापर करतात, आणि ती मलाही आवडत नाहीत. पण मुलं या गोष्टी पुस्तकातूनच शिकतात, हे गृहीतक चुकीचं आहे. बाकावरच्या त्या मुलीला एकटेपण कोणत्याही पुस्तकानं दिलेलं नाही. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेनं १९९० मध्ये एक सुंदर प्रतिमा वापरली: पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार, ज्यातून पलीकडे जाता येतं. मैत्रीच्या कथेत एकच पुस्तक एका वाचकाला आरसा आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्याला खिडकी होऊ शकतं. ज्याला वगळलं तो स्वतःला पाहतो. ज्यानं वगळलं तो पहिल्यांदा पलीकडे डोकावतो.

ही पुस्तकं फक्त मुलंच वाचतात असंही नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये झालेल्या एका बाजार-पाहणीत, १२ ते १७ वयोगटासाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के जण १८ किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यातले बहुसंख्य ती स्वतःसाठीच घेत होते. मला यात नवल वाटत नाही. ज्या मैत्रीबद्दल त्या वयात बोलताच आलं नाही, तिच्याकडे माणूस कधीतरी परत येतो.

आता राहिला शेवट. या प्रकारच्या कादंबरीची खरी कसोटी तिथे लागते, कारण दोन मोह समोर उभे असतात. एक म्हणजे दिलजमाई: शेवटच्या पानावर दोघी गळ्यात पडतात आणि सगळं पूर्ववत होतं. दुसरा म्हणजे बदला: सोडून गेलेलीला पस्तावा होतो, आणि निवेदिकेला नवी, जास्त चांगली मैत्रीण मिळते. दोन्हींत मोठं होणं राहून जातं. पूर्ववत झालं तर कोणी बदललंच नाही, आणि बदला मिळाला तर जुनी मैत्री किमतीची नव्हतीच. मोठं झाल्याची खूण फार लहान असते. आधी जे करता आलं नसतं असं एखादं साधं काम पात्राला करता येतं. बहुतेकदा ते काम इतकं किरकोळ असतं की पुस्तकाबाहेरच्या कोणाला त्यात काही दिसणार नाही.

आपल्या दोघींची गोष्ट मी लिहीत असते, तर शेवटचं पान वार्षिक परीक्षेच्या दिवसाचं असतं. घंटा व्हायला दोन मिनिटं आहेत. मैत्रीण धापा टाकत येते आणि हिच्या बाकापाशी थांबते. "जास्तीचं पेन आहे?" ही कंपास उघडते. आत दोन पेनं आहेत. एक साधं. दुसरं दोघींनी मिळून घेतलेलं, टोपणावर दोघींची आद्याक्षरं कोरलेली. वर्षभर ते तिनं कोणाला दिसू दिलेलं नाही. ती साधं पेन काढून देते. मैत्रिणीची नजर कंपासातल्या दुसऱ्या पेनवर जाते. ती काही बोलत नाही, पण लगेच निघतही नाही. मग बाई प्रश्नपत्रिका घेऊन आत येतात, आणि ही शेजारच्या जागेवरचं आपलं दप्तर उचलून खाली, पायाशी ठेवते.